मनोऱ्याचा उजवा खांदा

फुलचूरच्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तोंड पूर्वेकडे करते. पश्चिमेला, धानाच्या बांध्यांपलीकडे, विज्ञान संग्रहालयाचा मनोरा उभा आहे आणि त्याचं डिझाइन माझं आहे. आपल्याच कामाकडे पाठ फिरवून दोरीला चिमटे लावणारी इंजिनिअर बाई शेजारणींना विचित्र वाटत असणार. वाटो. नवऱ्याची तेरवी झाली आणि मी साइटवर गेले, तेव्हापासून त्यांना माझं सगळंच विचित्र वाटतं.

गोंदियात स्ट्रक्चरल इंजिनिअर असणं म्हणजे राईस मिलच्या शेड काढणं, धानाची गोदामं काढणं, आणि एखादा हौशी व्यापारी भेटला तर लग्नाच्या लॉनची कमान काढणं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते नवऱ्याला. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि एक शाळा त्याला पुरत नसे. सुट्टी लागली की स्कूटर काढायची आणि चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या गावांतल्या शाळा धुंडाळायच्या, हा त्याचा उद्योग. उजव्या खांद्यावर खाकी कापडाची झोळी. तिच्यात भिंगं, चुंबकं, वजनं, काचेच्या नळ्या आणि एक लोखंडी स्टँड, जो त्याला कुठल्याही गावात लागल्याचं मी ऐकलं नाही. झोळी कधी डाव्या खांद्यावर घे, असं मी सांगून थकले. डावी बाजू मोकळी लागते, मुलं त्या बाजूने चालतात, असं तो म्हणायचा. यावर काय बोलणार? मी चिडायची आणि तो झोळी उचलून निघायचा. लग्नाच्या फोटोत त्याचे दोन्ही खांदे सरळ आहेत. नंतरच्या फोटोंत उजवा खाली आलेला स्पष्ट दिसतो.

आमचा जिल्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता. सगळीकडे नव्या पाट्या, नवी कार्यालयं, आणि आपल्याकडे अमुक हवं, तमुक हवं अशी हौस. त्याच सुमारास एका पावसाळ्यात तो अशाच एका गावाहून ताप घेऊन आला. मलेरिया होता, मेंदूत गेला. हाती काही लागायच्या आत सगळं आटपलं.

दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा आला नाही. म्हणजे कावळे होते, झाडावर बसून आमच्याकडे बघत होते, पण खाली एकही उतरला नाही. माझ्या सासूबाई पदर पसरून मुलाला विचारत राहिल्या. "काय राहिलं रे तुहं? वावराचं राहिलं का? सुनेचं राहिलं का? मी पाहतो ना सारं." बघता बघता दुपार झाली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि सगळे जेवायला वळले. सासूबाई नाही वळल्या. त्याचे सगळे कपडे त्यांनी स्वतः वेचून वेचून देऊन टाकले होते, पलंगाखाली सरकलेला एक पायमोजासुद्धा. अंगाला लागलेलं काही घरात राहिलं तर जीव घुटमळतो, ही त्यांची पक्की समजूत. मग राहिलं तरी काय, हा प्रश्न घेऊनच त्या चोरखमाऱ्याकडचं गाव सोडून माझ्याकडे राहायला आल्या. दोघींपैकी कुणी कुणाला सांभाळायचं, हे काही ठरलेलं नव्हतं.

मनोऱ्याचं काम त्यानंतर काही काळाने आलं. एका शिक्षण संस्थेने फुलचूरच्या बाजूला जागा घेऊन विज्ञान संग्रहालय काढलं होतं. संस्थेचे सचिव मिलवाले, बोलणं सगळं हिंदीत. त्यांना रस्त्यावरून दिसेल अशी काहीतरी उंच खूण हवी होती. मी म्हटलं, नुसती खूण कशाला, मुलांना हवा दाखवू. आत उभं राहिलं की वारा कुठून येतो, कसा वर चढतो, भिंत कशी आत-बाहेर होते ते अंगावर कळेल असा मनोरा करू. जमीन धानाच्या बांध्यांची, पावसाळ्यात वीतभर खाली पाणी. जड बांधकाम त्या मातीत रुतलं असतं. म्हणून मधोमध लोखंडाचा एक खांब, त्याला तारांनी धरलेल्या कड्या, आणि कड्यांवर ताणून बसवलेलं मेम्ब्रेन, म्हणजे प्लास्टिकचा लेप दिलेलं मजबूत पांढरं कापड. सचिवांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, ये तंबू कितने साल चलेगा?" मी तंबू हा शब्द खोडून काढायला गेले, पण तोवर तो टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या तोंडी बसला होता.

ताणलेल्या कापडाचा आकार आपल्या मनाने काढून चालत नाही. कापड स्वतःहून जो आकार घेतं तो मापून घ्यावा लागतो. मोठ्या कंपन्या ते संगणकावर करतात, पण मला आधी हाताने करून बघायचं होतं. सगळीकडून सारखं ताणलं जाणारं कापड म्हणजे बनियनचं. मी बाजारातून नवीन बनियन आणलं. ते खळीने कडक झालेलं, ताणलं की एकीकडे सुरकुती आणि दुसरीकडे फुगा. धुऊन बघितलं, तरी तेच. जुनं, मऊ झालेलं हवं होतं, आणि आमच्या घरात पुरुषाचा एकही जुना कपडा उरलेला नव्हता. मग स्कूटरची डिकी आठवली. स्कूटर पुसायचं फडकं तिथे असायचं.

होतंच. त्याचंच बनियन, तो जिवंत असतानाच कपड्यांतून बाद होऊन फडकं झालेलं. म्हणूनच सासूबाईंच्या वेचणीतून ते सुटलं होतं. मी ते प्रेमाने छातीशी वगैरे धरलं नाही. साबणात भिजवलं, पेट्रोलचा वास जाईपर्यंत चोळलं आणि वाळवलं. मला कापड हवं होतं, ते मिळालं, इतकंच त्या दिवशी डोक्यात होतं.

छत्रीची दांडी फळीवर उभी केली. खाली तारेची मोठी कडी, वर भरतकामाची छोटी रिंग. बनियन वरून घातलं, खालची कड मोठ्या कडीला शिवली, खांद्याचे दोन्ही पट्टे वरच्या रिंगला बांधले आणि चहूकडून दोरे ओढले. सुंदर ताण आला. हाताची भोकं राहिली होती ती दोन्हीकडून वारा आत घ्यायला अगदी योग्य जागी होती, आणि गळ्यातून वरचं आभाळ दिसलं असतं. फक्त उजवा पट्टा लांब होता. कितीही ओढला तरी ढिला पडे. शेवटी मी वरची रिंगच उजवीकडे जरा कलती केली, तेव्हा सगळं कापड एकदम तंग झालं, एक सुरकुती राहिली नाही. मी दोन पावलं मागे सरकले आणि माझ्या टेबलावर माझा नवरा पाठमोरा उभा होता. डोकं नाही, हात नाहीत, पण उभं राहायची तऱ्हा तीच. झोळीचं ओझं नुकतंच उतरवून ठेवल्यासारखा.

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, दुपारच्या स्वच्छ उजेडात मी माझ्याच टेबलाला घाबरले. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. कप त्यांनी ठेवला नीट, पण हात परत घेतला नाही.

"हा कोनाचा आहे?"

"फडकं आहे, आई. स्कूटरच्या डिकीतलं."

"फडकं नाई इचारलं मी. कोनाचा आहे म्हनून इचारून राहिली."

"यांचंच आहे. पण ते जिवंत होते तेव्हाच फडकं झालं होतं."

"अंगाले लागला होता ना?"

मी हातातला दोरा रिंगला गुंडाळू लागले.

"अन् तू त्याले तारंनं तानून ठेवला. मंग कावळा कायले येते?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कावळ्याला काय कळतं, घाटावर इतकी माणसं होती, तो भेदरला असेल, फडक्याचा आणि जिवाचा काय संबंध, असं बरंच काही मी बोलले. त्या ऐकतच नव्हत्या. उजव्या पट्ट्यावरून बोट फिरवत होत्या, हलकेच, ताण बिघडणार नाही असं. "ढिला झाला होता रे बापा," त्या म्हणाल्या, आणि ते काही मला उद्देशून नव्हतं.

बनियन नदीत सोडायचं, असं त्यांनी सांगितलं. मोजमापं घ्यायला मी त्यांच्याकडे मुदत मागितली. ओळंबा लावून कापडाचा बिंदू न् बिंदू मापला, फोटो काढले, मग दोरे कापले. बनियन घेऊन आम्ही दोघी त्याच घाटावर गेलो. पाण्यात एक म्हैस बसली होती, तिच्याखेरीज बघायला कुणी नव्हतं. सासूबाईंनी ते प्रवाहात सोडलं, दिसेनासं होईपर्यंत थांबल्या, आणि त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की माझ्याकडे आता फक्त आकडे उरलेत.

मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपनीकडून नकाशे आले ते दोन्ही बाजू सारख्या करून. तिथल्या इंजिनिअरने फोनवर समजुतीने सांगितलं, "मॅडम, वरची कडी उजवीकडे कलली होती. मोजताना चूक झाली असेल, आम्ही सरळ केली." मी म्हटलं, कलली आहे ती कललेलीच ठेवा. तो कारण विचारू लागला. मी नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याचं कारण दिलं, हिशेब पाठवला, आणि हिशेब बरोबर होता. पण मी काय मागते आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. ज्या खांद्यावरून आयुष्यभर त्याच्याशी भांडले, त्याच खांद्यासाठी आता मी लोकांशी भांडत होते. नकाशे पुन्हा आले, आणि यावेळी खांदा होता.

हिवाळ्यातल्या एका कोरड्या दिवशी कापड वर चढलं. माणसं तारांचे पेच आवळत गेली तसतसं ते पोटातून, मग छातीतून भरत गेलं. सचिव खूश होते, पेढे वाटत होते. मी दिवस मावळायच्या आत घरी आले तर सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या.

"तो उभा आहे," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुले माहीत आहे कोन. गच्चीवर पापड काढाले गेली होती मी."

त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मैलभर दुरून, पांढऱ्या कापडाच्या एका उतारावरून आईने मुलगा ओळखला होता. मी शेजारी बसायला गेले तर त्या सरकल्या.

"आपन त्याले नदीत सोडलं. अन् तू लोखंडानं बांधला. काऊन असं केलं वं?"

मला तो हवा होता, हेच उत्तर होतं, आणि तेही मी त्याच्या आईला सांगायचं होतं. त्यानंतर त्यांनी गच्ची सोडली. पापड, वड्या, वाळवणं सगळं अंगणात. अधूनमधून, भाजी निवडता निवडता, काही कारण नसताना म्हणायच्या, "सोड बाई आता त्याले. जाऊ दे." मी ऐकलं न ऐकलं करायची.

पण मला सुख होतं असं कुणी समजू नये. उद्‌घाटनाच्या दिवशी शाळांच्या रांगा आल्या. रस्ता डावीकडे म्हणून दार मी डाव्या अंगाला ठेवलं होतं, त्यात दुसरा काही विचार नव्हता. मुलं हात धरून त्या बाजूने चालत येताना पाहिली आणि मी मांडवातून उठून बाहेर गेले. नागपूरहून गाडीने परत येताना गोंदिया जवळ आलं की मी वाचत असलेलं बाजूला ठेवायची, खिडकीतून तो दिसेल म्हणून. दुपारी वारा सुटला की हाताच्या भोकांतून हवा आत शिरायची आणि छाती वर-खाली व्हायची. तिथला चौकीदार एकदा मला म्हणाला, "बाई, आतमंधी कोनी खाकरते." तारा वाऱ्याने वाजतात, असं मी त्याला समजावलं. नवरा वर्गात बोलायला सुरुवात करण्याआधी खाकरायचा, हे मी त्याला कशाला सांगू? कपडे वाळत घालायला मी तेव्हा पश्चिमेकडे तोंड करायची, आणि एकेक कपडा उगाच पुन्हा पुन्हा झटकायची.

अशी वर्षं गेली. गोंदियाच्या हवेत मिलच्या कोंड्याची राख असते. ती थराथराने कापडावर बसत गेली. पावसाने धुतली जायची, पुन्हा बसायची. शेवटी लेप तडकला, पांढऱ्याचं राखाडी झालं. सचिवांचे केसही एव्हाना पिकले होते. "मॅडम, तंबू काला पड़ गया," ते म्हणाले. खांब ठणठणीत होता, कापड बदलायचं होतं. जुने आकडे काढून मी बसले.

सासूबाईंची तब्येत तेव्हा खालावली होती. गुडघे गेले होते, जेवण घटलं होतं. मला वाटत होतं, या बाईने इतक्या वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि मी ती दिली नाही. मीही थकले होते. रोज सकाळी उठून एखाद्याला धरून ठेवायचं, याचाही शीण येतो. मी कडी सरळ केली. कंपनीतल्या नव्या इंजिनिअरने काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं.

जुनं कापड उतरलं, काही दिवस नुसता खांब राहिला, मग नवं चढलं. शुभ्र, दोन्हीकडून सारखं, एक दोष दाखवून द्या म्हणावं असं. मी घरी येऊन म्हटलं, "आई, गच्चीवर चला. काहीतरी दाखवायचं आहे." मला वाटलं त्या नाही म्हणतील. त्या लगेच उठल्या. जिन्यात भिंतीवर हाताच्या उंचीला एक तेलकट काळपट पट्टा पडला होता, ज्यावरून मी कामवाल्या बाईला कितीदा बोलले होते. सासूबाईंचा हात त्या पट्ट्यावर बरोब्बर टेकला आणि तसाच वरपर्यंत सरकत गेला.

वर येऊन त्यांनी पश्चिमेकडे बघितलं. डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघितलं.

"खांदा कोठी गेला?"

"सरळ केला, आई. तुम्ही म्हणत होता ना, सोड त्याला. सोडला."

त्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. बसायची जागा त्यांना शोधावी लागली नाही.

"मी रोज येत होती अठी," त्या म्हणाल्या. "तू हापिसात गेली का. रोज त्याले म्हनत होती, जाय रे बापा आता, किती दिस उभा रायशीन, जाय."

"मग तेच तर झालं, आई."

"तो जात नोहता ना. म्हनून तं म्हनत होती मी."

मी त्यांच्यापाशी खाली बसले. खाली रस्त्यावरून एक ऑटो गेला, कुणाच्या तरी अंगणात कुकरची शिटी झाली.

"आता थोडा ढिला नाई होत का?" त्यांनी विचारलं. "उजवीकडून? थोडासाच."

"नाही होत, आई. कापड आता त्या मापाचं नाही. ढिलं केलं तर वाऱ्याने फडफडेल आणि फाटेल."

त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी. "मंग राहू दे," त्या म्हणाल्या. "ओढू नोको त्याले आता." आणि भिंतीला हात टेकून एकेक पायरी उतरत गेल्या. त्यानंतर त्या पुन्हा कधी वर आल्या नाहीत, आणि कुणाला जाऊ दे असंही पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

मी वरच थांबले. वारा आला, नवं कापड आत गेलं, बाहेर आलं, दोन्ही बाजूंनी सारखं. काम म्हणून बघितलं तर पहिल्यापेक्षा चांगलं झालं आहे. तेव्हापासून कपडे वाळत घालताना मी तोंड पूर्वेकडे करते. पश्चिमेला आता कुणी नाही.